वाकवलेला माल पुन्हा पुन्हा फुटतोय? आधी शिदोरी कोणी संपवली ते शोधा

गणपती गेले की बेळगावच्या मच्छे-उद्यमबाग भागातल्या शेडमध्ये एकच घाई सुरू होते. ऊसगाळप तोंडावर आलेलं असतं, ट्रॉल्या रंगाला निघालेल्या असतात आणि चिकोडी, हुक्केरी, गोकाककडचे ट्रॉलीवाले स्प्रिंग-ब्रॅकेट, हुकाच्या पट्ट्या, यू-बोल्ट न्यायला दारात उभे असतात. नेमक्या ह्याच दिवसांत एक जुनं दुखणं दरवर्षी वर येतं. थंड वाकवलेला माल बाकावर फुटतो. कधी प्रेसखालीच, कधी सरळ करताना, कधी चार दिवसांनी ठेवल्या जागी, तर कधी जस्त चढवून परत आल्यावर.

बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो. फुटलेला तुकडा हातात आला की पहिलं वाक्य येतं ‘माल खराब आहे’, आणि दहातल्या आठ वेळा ते चूक असतं.

गेल्या हंगामातलंच बघा. ८ मिमी प्लेटीचे ब्रॅकेट, ९० अंशांचा एकच बाक. वर्षानुवर्षं करत आलेला जॉब, पण त्या लॉटमध्ये शंभरामागे दहा-बारा फुटायला लागले. एक तुकडा दाराशी उजेडात नेऊन पाहिला. बाकाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी काठापासून निघालेली केसाएवढी चीर, आत बोटभर जाऊन थांबलेली. नख फिरवलं की अडकत होतं. प्लेटीच्या मधल्या भागात मात्र काही नाही, नुसती काळी पपडी सुटलेली. दुसरा तुकडा, तिसरा तुकडा, सगळ्यांची चीर काठापासूनच. प्रेसवरचा आमचा माणूस कन्नडिग, पंधरा वर्षांचा जुना. तो म्हणाला, “अण्णा, कब्बिण बिरुसु ऐति.” लोखंड कडक आहे. मी सर्टिफिकेट काढलं. आय.एस. २०६२ ह्या भारतीय मानकाचं ई-२५०, म्हणजे यिल्ड (ज्या जोराला धातू कायमचा वाकायला लागतो) किमान २५० मेगापास्कल, ताणशक्ती किमान ४१०, इलाँगेशन (तुटेपर्यंत वाढणारी लांबी) किमान २३ टक्के. कागदावर सगळं त्याहून चांगलं. तरी पुरवठादाराशी भांडलो, लॉट बदलून घेतला. नव्या लॉटचेही फुटले.

मग लक्षात आलं की आमचा माणूसही बरोबर होता आणि कागदही. लोखंड कडक होतं, पण कारखान्यातून आलं तेव्हा नव्हे. आमच्याकडे आल्यावर, आमच्याच हातून, काठापाशी कडक झालं होतं.

धातूची शिदोरी

प्रवासाला निघताना बांधून दिलेल्या शिदोरीसारखं हे आहे. धातू न तुटता किती ताणला जाईल, ह्याचा एक साठा त्याच्याकडे असतो. थंड अवस्थेत केलेलं प्रत्येक काम त्यातला थोडा घास घेतं. रोलिंग, वायर ओढणं, शिअरवर कापणं, पंच मारणं, वाकवणं, पुन्हा सरळ करणं, सगळंच. घास गेला की त्या बदल्यात ताकद वाढते, हे खरं आणि फार उपयोगाचं. जुन्या घरांच्या स्लॅबमधली पिळाची सळई, म्हणजे टोर, आठवते का? साध्या सळईला थंड अवस्थेत पीळ देऊनच तिचं यिल्ड ४१५ पर्यंत नेलेलं असायचं. कुठलंही औषध घातलेलं नाही, नुसता पीळ. पण ताकद वाढली म्हणजे शिदोरी भरली, असं नाही. उलट ती तेवढी हलकी झाली.

असं का होतं, हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढचं निदान सोपं जातं. धातूत अणू ओळीने रचलेले असतात, पण ह्या रचनेत जागोजागी एखादी ओळ अर्ध्यावरच संपलेली असते. त्या अर्धवट ओळीच्या कडेला डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो सगळे अणू एकदम सरकून नव्हे, तर ह्या कडा एकेक पाऊल सरकत जातात म्हणून. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी ह्या तिघांनी वेगवेगळं हे मांडलं. गंमत अशी की धातू वाकवला की डिसलोकेशन कमी होत नाहीत, वाढत जातात. अ‍ॅनील केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या, धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये ह्या कडांची एकूण लांबी दहा ते हजार किलोमीटर भरते. तोच धातू थंड अवस्थेत जबर कुटला-ओढला की ती दहा लाख किलोमीटरच्याही वर जाते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत पौर्णिमेला गाड्यांचं जे होतं, तेच मग आत होतं. प्रत्येकीला पुढे जायचंय, पण एकमेकींत अडकून कोणीच हलत नाही. हलवायला जास्त जोर लागतो, तोच वाढलेला यिल्ड. आणि जोर वाढवूनही हलायला जागा उरली नाही, की मग तुटतं.

तारेचा तुकडा घेऊन दोन-चार वेळा भराभर मागेपुढे वाकवा आणि बाक ओठाला लावून बघा. चटका बसेल. तुम्ही घातलेली बहुतेक शक्ती उष्णता होऊन निघून जाते. थोडीच, साधारण पाच-दहा टक्के, आत अडकून राहते. माल नंतर, ठेवल्या जागी का बदलतो, ह्याचं मूळ ह्या अडकलेल्या शक्तीत आणि आत कोंडून राहिलेल्या ताणात आहे.

तुटणं सुरू होतं ते मात्र बहुधा एखाद्या परक्या कणापाशी. पोलादात मँगनीज सल्फाइडचे कण असतात, रोलिंगमध्ये ते दोऱ्यासारखे लांबट झालेले असतात. ताण वाढला की पोलाद ह्या कणांपासून सुटतं, तिथे बारीक पोकळी होते, पोकळ्या मोठ्या होऊन एकमेकींना मिळतात आणि चीर बाहेर दिसते. म्हणजे आपल्याला चीर दिसते तेव्हा आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

फुटलं कधी? निदान तिथूनच सुरू करा

*प्रेसखालीच, काठापासून फुटलं.* हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार, म्हणून ह्यावर सविस्तर लिहितो.

शिअरवर कापलेली कड जवळून बघा. वरचा थोडा भाग चकचकीत, खालचा खरबरीत आणि शेवटी बर, म्हणजे कडेबाहेर आलेली धारदार कोर. चकचकीत पट्टा दिसतो तिथे ब्लेडने पोलाद अक्षरशः खेचून नेलेलं असतं. कडेपासून आत, जाड प्लेटीत मिलिमीटरभर किंवा त्याहूनही खोल, माल इतका कुटला गेलेला असतो की त्याच्याकडे शिदोरी जवळजवळ उरलेलीच नसते. शिवाय खरबरीत भागात बारीक चिरा तयारच असतात. मग आपण तीच कड बाकाच्या बाहेरच्या अंगाला ठेवतो आणि सांगतो, ताण!

आमच्या ब्रॅकेटचं तेच झालं होतं, पण एकट्या त्याच कारणाने नाही. तीन कारणं एकावर एक बसली होती.

पहिलं, गिऱ्हाइकाने ब्रॅकेटची एक बाजू ५० ऐवजी ३२ मिमी केली होती. आखूड बाजू मोठ्या व्ही-डायवर (ज्या व्ही आकाराच्या खाचेत प्लेट दाबून वाकवतात) टेकत नाही, आत घसरते. म्हणून प्रेसवाल्याने कोणाला न विचारता ६३ ची व्ही काढून ४० ची बसवली. हवेत वाकवताना आतला रेडियस बराचसा व्हीच्या रुंदीवर ठरतो, साध्या पोलादात साधारण रुंदीच्या सहाव्या हिश्श्याएवढा. ६३ च्या व्हीवर १० मिमी येत होता, ४० च्या व्हीवर तो साडेसहावर आला. बाहेरच्या अंगाचा ताण काढायला सोपा हिशेब आहे. जाडी भागिले, दोन रेडियस अधिक जाडी. १० च्या रेडियसला ८ भागिले २८, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के. साडेसहाच्या रेडियसला ८ भागिले २१, म्हणजे अडतीस टक्के. कोणी म्हणेल, सर्टिफिकेटवर तर २३ टक्केच आहे, मग साडेअठ्ठावीसही कसं निभावतं? ते २३ टक्के एका ठरावीक लांबीची सरासरी असते. तुटण्याच्या जागी, मान पडते म्हणजे तुकडा मानेसारखा बारीक होतो तिथे, माल त्याहून कितीतरी जास्त ताणलेला असतो. म्हणून चांगल्या कडेचा माल जाडीएवढ्या रेडियसवर, म्हणजे ३३ टक्क्यांवरही वाकतो. पण कड कुटलेली असेल तर ही सवलत मिळत नाही.

दुसरं, ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधी कापलेले तुकडे, उलटसुलट जात होते. बर कधी आत, कधी बाहेर. शंभरातले दहा-बाराच का फुटतात, हे कोडं इथे सुटलं. फुटलेल्या प्रत्येक तुकड्याची बर बाहेरच्या अंगाला होती.

तिसरं, प्लेट वाचवायला कापणी आडव्याची उभी केली होती, त्यामुळे बाकाची रेघ रोलिंगच्या दिशेला समांतर आली. लांबट झालेले ते सल्फाइडचे दोरे बाकाच्या रेघेच्याच लांबीने पडले. बांबू रेषेत फाटतो, तसंच.

उपाय काय केले? बर नेहमी आतल्या अंगाला. त्यासाठी कापतानाच ब्लँकवर खडूने खूण, प्रेसवर ती खूण वर दिसली पाहिजे. बाकाच्या जागी दोन्ही कडा ग्राइंडरने मिलिमीटरभर उतरवून गोल करायच्या, आणि ग्राइंडरचे ओरखडे कडेच्या लांबीने पडले पाहिजेत, आडवे नकोत. रोलिंगची दिशा प्लेटीवर बाणाने लिहायची. आखूड बाजू लागतच असेल, तर ती लांब ठेवून ६३ च्या व्हीवर वाकवायची आणि नंतर कापायची. थोडा माल वाया जातो. फुटलेल्या ब्रॅकेटपेक्षा तो स्वस्त पडतो, हे मी हिशेब मांडून बघितलंय.

बाकाजवळ भोक असेल तर पंच मारून नको, ड्रिलने पाडा. पंचच्या भोकाची आतली कड म्हणजे गोल फिरवलेली शिअरची कडच.

*सरळ करताना किंवा दुसऱ्यांदा वाकवताना फुटलं.* कोन चुकला, ९० च्या जागी ८५ झाला, म्हणून उलटा दाब दिला आणि आतल्या अंगाला चीर गेली. बरेच जण चक्रावतात, कारण ताणलं गेलं होतं बाहेरचं अंग आणि फुटलं आतलं. आतलं अंग पहिल्या वेळी दाबलं गेलं होतं. दाबल्यानेही शिदोरी खर्च होते, आणि आधी दाबलेला माल नंतर ताणला की तो फार लवकर हात टेकतो. बाउशिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की दिशा बदलली की धातू आधीपेक्षा कमी जोरात वाकायला लागतो. हाताला मऊ लागतं म्हणून आपण फसतो. सळईचं रिंगण उलगडून पुन्हा वाकवणारे बांधकामावरचे लोक रोज हीच चूक करतात. माझ्या शेडमध्ये थंड अवस्थेत उलटा बाक एकदाही चालत नाही. चुकला तर तापवून, नाहीतर भंगारात.

तापवण्यावरून एक महत्त्वाचं. गॅसने जरा ‘कोमट’ करून वाकवायची सवय फार वाईट. पोलाद २०० ते ३०० अंशांच्या आसपास, पृष्ठभागावर निळसर झाक येते तिथे, उलट अधिक ठिसूळ होतं. त्याला निळा ठिसूळपणा म्हणतात. वाकवायचं तर थंड, नाहीतर चांगलं लालबुंद. मधलं काही नको. हिवाळ्यात सकाळी गारठलेली प्लेट उन्हात ठेवून मग प्रेसवर घेतो, ते ह्यात येत नाही. तेवढी ऊब फायद्याचीच असते.

*चार दिवसांनी, किंवा जस्त चढवून आल्यावर फुटलं.* ह्याने माणसं खरी हैराण होतात, कारण माल शेडमधून अखंड गेलेला असतो आणि भांडण तीन ठिकाणी लागतं. आमचा एक लॉट असाच परत आला होता. जस्तवाल्याने आम्हाला दोष दिला, आम्ही त्याला.

कारण असं आहे. पोलादात थोडा नायट्रोजन आणि कार्बन मोकळा असतो. वाकवल्यानंतर हे अणू हळूहळू सरकत डिसलोकेशनपाशी जाऊन बसतात आणि त्यांना जखडून टाकतात. खोलीच्या उष्णतेला ह्याला आठवडे-महिने लागतात, पण गरम जस्ताच्या टाकीत साधारण ४५० अंश असतात, तिथे हेच काम मिनिटांत होतं. बाकाच्या जागी माल आधीच दमलेला, त्यात हे जखडणं. भर म्हणून जस्ताआधी अ‍ॅसिडच्या टाकीत गंज काढताना हायड्रोजन आत शिरतो. साध्या मऊ पोलादाला तो फारसा बाधत नाही, पण जबर कुटलेल्या किंवा कडक केलेल्या मालाला बाधतो.

म्हणून गॅल्व्हनायझिंगला जाणारा माल वेगळा धरा. बाकाचा रेडियस जाडीच्या तिप्पट ठेवा, म्हणजे बाहेरचा ताण १४ टक्क्यांवर येतो. तेवढी जागाच नसेल तर वाकवल्यावर ६०० ते ६५० अंशांवर, दर २५ मिमी जाडीला तासभर, स्ट्रेस रिलीव्ह करून, म्हणजे कोंडलेला ताण काढून, मगच टाकीला पाठवा. माल मागवताना अ‍ॅल्युमिनियम-किल्ड मागा. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम मोकळ्या नायट्रोजनला बांधून ठेवतं. कडक बोल्टांवर विजेने जस्त चढवत असाल, तर प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत साधारण २०० अंशांच्या भट्टीत तासन्‌तास ठेवायचे. उशीर केला की उपयोग नाही, चीर तोवर सुरू झालेली असते.

*तार किंवा सळई ओढताना, आतून तुटली.* तुटलेलं टोक बघा. एका बाजूला खोलगट वाटी, दुसऱ्या बाजूला टोकदार सुळका, आणि बाहेरून तार अगदी चकाचक. लोक घाबरून दर डायला (ज्या भोकातून तार ओढून बारीक करतात) कमी रिडक्शन, म्हणजे कमी ओढ, घ्यायला लागतात. इथे नेमकं उलटं करायचं असतं. डायचा कोन मोठा आणि ओढ कमी असली की फक्त बाहेरचा थर दबतो. आतला गाभा दबत नाही, नुसता खेचला जातो आणि त्यात बाणाच्या टोकासारख्या पोकळ्या पडतात. कोन लहान करा, ओढ वाढवा, दाब गाभ्यापर्यंत पोचू द्या.

दाबाखाली मात्र धातू किती सोसतो!

वरचा तारेचा मुद्दा मला पूर्ण कळला तो भाच्यामुळे. तो इथेच बेळगावात मेकॅनिकलला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तो एक डाय करून घेऊन आला. पोलादाच्या ठोकळ्यात चौकोनी वाट, मध्येच काटकोनात वळलेली. “मामा, तुझ्या हायड्रॉलिक प्रेसवर तांब्याचा तुकडा ह्यातून ढकलायचाय. एकाच वाटेने चार वेळा.”

मी म्हटलं, “अरे, काटकोनात वळवतोस, फुटेल की तो.”

“फुटणार नाही. चारी बाजूंनी कोंडलाय ना.”

आणि खरंच फुटला नाही. आत गेला त्याच मापाचा बाहेर आला. चार वेळा ढकलला, प्रत्येक वेळी तुकडा आपल्याच अक्षावर पाव फेरा फिरवून. माझ्या प्रेस-ब्रेकवर तीस-चाळीस टक्क्यांवर काम अडतं, तिथे एका फेरीत शंभर टक्क्यांच्या आसपास ताण त्या तांब्याने निमूट सोसला.

ह्याचं मूळ पर्सी ब्रिजमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जातं. प्रचंड दाबाच्या प्रयोगांसाठी त्यांना १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळीकडून दाबून धरलेला धातू ताणला तर तो कितीतरी जास्त ताणला जातो, हे त्यांनी दाखवलं. कारण सरळ आहे. तुटणं पोकळ्यांमुळे होतं आणि दाब पोकळ्यांना उघडूच देत नाही. पुढे सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघात सेगल आणि सहकाऱ्यांनी ही काटकोनी वाटेची रीत बसवली. आता अशा सगळ्या रीतींना मिळून तीव्र प्लास्टिक विरूपण म्हणतात.

इतकं ढवळल्यावर डिसलोकेशन नुसते गुंतत नाहीत, त्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि धातू ज्या स्फटिक-कणांचा (ग्रेनचा) बनलेला असतो, त्यातल्या एकेका कणाचे बारीक बारीक कण होतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. कण लहान झाले की ताकद वाढते, ती कणाच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. १९५१ मध्ये हॉल आणि १९५३ मध्ये पेच ह्यांनी हे पोलादावर दाखवलं. भाच्याच्या तांब्याचा कडकपणा दुपटीच्या पुढे गेला. मऊ तांब्याचं यिल्ड ५०-७० मेगापास्कल असतं, अशा रीतीने ते साडेतीनशेच्या घरात जातं.

मग त्याने तो तुकडा ताणून बघितला. मशीनवर काटा झरझर वर गेला आणि लगेच, जेमतेम ताणला असेल नसेल, एका जागी मान पडली. भाचा हिरमुसला. पण ह्यात त्याची चूक नव्हती. ताणताना तुकडा एका जागी बारीक व्हायला लागला, की तीच जागा कडक होऊन सांभाळून घेते आणि ताण शेजारी सरकतो. आधीच पूर्ण कडक झालेल्या मालात हे सांभाळून घेणारं उरलेलं नसतं. तरी मान पडलेल्या जागी तांबं चांगलं खेचलं जाऊनच तुटलं होतं, काचेसारखं नाही. हा फरक ध्यानात ठेवावा. एकसारखं ताणलं जाणं संपलं होतं, चिवटपणा सगळा नव्हे. अशा बारीक कणांच्या धातूंना हलक्या, लाखो वेळा येणाऱ्या झटक्यांचा थकवा कमी बाधतो, पण मोठे, मोजके हेलकावे मात्र ते कमी सोसतात. आणि एक, नुसत्या थंड कामाने पोलाद थंडीत लवकर ठिसूळ होतं, पण कण बारीक करून आलेली ताकद उलट थंडीतही चिवट ठेवते. ताकद कुठल्या वाटेने आली, ह्यावर तुटणं ठरतं.

शिदोरी पुन्हा भरता येते

तांबट हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. पत्रा ठोकून हंडा उठवायचा, हाताला ठोका टणक लागला की भट्टीत लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, पुन्हा मऊ, पुन्हा ठोकायचा. पोलाद लाल करून पाण्यात घातलं तर कडक होऊ शकतं, तांबं होत नाही. आणि शेवटी मठारकाम, म्हणजे ते एकसारखे चकचकीत ठोके. ते नुसते नक्षीला नसतात. शेवटच्या ठोक्यांनंतर भांडं मुद्दाम तापवत नाहीत, म्हणून पातळ पत्र्याचा हंडा भरलेला असतानाही त्याला पोचा पडत नाही.

साध्या पोलादाला ह्यासाठी ६५० ते ७०० अंश लागतात. भर उन्हात लाली दिसत नाही आणि अंदाज चुकतो, म्हणून हे काम सावलीत करा किंवा टेम्परेचर चॉक वापरा. एक सापळा सांगून ठेवतो. माल थोडाच, पाच-दहा टक्के वाकवलेला असेल आणि तो पूर्ण अ‍ॅनील केला, तर कण फार मोठे होऊ शकतात. पुढच्या बाकाला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि ताकदही घटते. अ‍ॅनील करायचं तर बऱ्यापैकी काम झाल्यावर करा.

पितळेचं एक वेगळंच आहे. खानापूरकडे आजोळी एक पितळी घागर होती, पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात असायची. एका श्रावणात तिच्या गळ्यापासून उभी चीर गेली. पडली नाही, ठोकर लागली नाही. आजी म्हणाली, “कोणाची दृष्ट लागली गं बाई.” खरं कारण मला खूप वर्षांनी कळलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली की आपोआप तडकायची. १९२१ साली ह्याचा छडा लागला. ओढून घडवलेल्या पितळेत ताण कोंडलेला असतो, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत कणांच्या सीमांवरून आत शिरतो. गोठा काय, तबेला काय, अमोनिया तोच. घडवलेलं पितळ २५० ते ३०० अंशांवर तासभर ठेवलं तर कोंडलेला ताण निघून जातो आणि कडकपणा बहुतेक तसाच राहतो. पितळी फिटिंग करणाऱ्यांनी आमच्या इकडच्या पावसाचा विचार करून हे टाळू नये.

आणि तरीही फुटलं तर?

वरचं सगळं तपासलं, रेडियस बरोबर, बर आत, कडा घासलेल्या, दिशा आडवी, तरी फुटतंय, तेव्हाच मालावर बोट ठेवायचं. त्यासाठी भांडायची गरज नाही. त्याच प्लेटीतून, शिअरच्या कडेपासून दूर, दोन बोटं रुंद पट्टी काढा. करवतीने कापा, गॅसने नको. चारी कडा ग्राइंडरने आणि मग पॉलिश पेपरने उतरवा. ८ मिमी प्लेट असेल तर १६ मिमीच्या गोल पिनवर, रोलिंगच्या दिशेला आडवा बाक येईल अशी, पूर्ण उलटी दुमडा. दुसरी पट्टी दुसऱ्या दिशेने कापून तशीच. बाहेरचं अंग कापडाने पुसून उजेडात बघा, नख फिरवा.

दोन्ही अखंड निघाल्या तर दोष अजून शेडमध्येच आहे, परत पहिल्या मुद्द्यापासून बघा. आडव्या बाकाची पट्टीसुद्धा फुटली, तर दोन्ही पट्ट्यांवर लॉट नंबर कोरून त्या सर्टिफिकेटला तारेने बांधतो आणि प्लेट पुरवठादाराला परत धाडतो.